शहाळं आणणाऱ्याला तीन उठाबशा

सूर्यभान गायकवाड सरांवर अन्याय झाला तो एका गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता, नांदेडमधल्या एका खासगी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर. त्या वेळी त्यांच्या डाव्या हातात डायलिसिसच्या दोन सुया होत्या आणि दोन्ही पाय पलंगाला बांधलेल्या सायकलच्या पेडलवर होते. दवाखान्याच्या मॅनेजरने शिपायाला खूण केली. शिपायाने सरांचे पाय एकेक करून उचलले, गादीवर ठेवले, पेडल काखेत मारलं आणि स्टोअरमध्ये नेऊन कुलूप घातलं. का, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "पेशंटने आराम करायचा असतो."

शेजारच्या पलंगावर माझी आई होती आणि आईच्या उशाशी मी. मी पत्रकं काढणारी मुलगी. बसपाससाठी काढलं, वसतिगृहातल्या पाण्यासाठी काढलं, मुखेडच्या स्टँडवर बायकांना मुतारी नाही म्हणून काढलं. तेव्हा माझे कान गरम झाले आणि मी उठले. सरांनी उजव्या हाताने मला खाली बसायची खूण केली.

"बस, पत्रकबाई," ते म्हणाले. "पेडल नेलं. पाय इथंच ठेवलेत त्यांनी."

आणि पांघरुणाखाली त्यांचे पंजे वरखाली होऊ लागले.

हे सर मला दवाखान्यात भेटलेले नव्हेत. लातूरच्या ज्या शाळेत मी दहावी केली तिथं ते पी.टी. शिकवायचे. म्हणजे शिकवू दिलं असतं तर शिकवायचे. गावभर क्लासचे फलक लागले होते, फलकांवर गुणवंतांचे फोटो पासपोर्टच्या आकारातून खिडकीच्या आकाराचे झाले होते, आणि आमच्या शाळेच्या मैदानावर पत्र्याची शेड उभी राहिली होती, सराव परीक्षांसाठी. पी.टी.चा तास वेळापत्रकात होता. त्या तासाला गणित व्हायचं. मैदान गेलेल्या पी.टी. मास्तरचं काय करायचं, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी असा सोडवला की त्या शेडमध्ये पर्यवेक्षक म्हणून त्यांनाच उभं केलं. बसलेल्या पोरांवर उभं राहून लक्ष ठेवायला.

सर उंचीने बेताचे, रंगाने काळेभोर, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट ते रोज खडूने पांढरे करायचे आणि तो खडू गणिताच्या मास्तरांकडून मागून घ्यायचे. "माझा तास घेतला, खडू तरी द्या," म्हणायचे. पेपर संपला की घंटा व्हायची आणि सर ओरडायचे, "उभं ऱ्हावा. टाचा वर. पेपर गोळा होईस्तोवर टाचा वर." शेडभर पोरं चवड्यांवर. पोटऱ्यांना रग लागायची, कुणीतरी हसायचं, बाक कोसळायचा. एकदा मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले.

"गायकवाड, परीक्षा चालू आहे की संचलन?"

"परीक्षाच हाय, सर. पोरांचे हात अन् डोकं गुंतलं होतं, टाचा रिकाम्या होत्या. म्हून त्यांना कामाला लावलं."

आम्ही त्यांना हला सर म्हणायचो. कुणी नुसतं उभं दिसलं की ते म्हणायचे, "हला." देवळाच्या रांगेत, एस.टी.च्या रांगेत, रेशनच्या रांगेत. एका लग्नात मी त्यांना जेवणाच्या पंगतीची वाट बघणाऱ्या व्याह्यांना खांदे गोल फिरवायला लावताना पाहिलं आहे. व्याही फिरवत होते. सरांच्या बोलण्यात धाक नव्हता, पण आपण नाही केलं तर ह्या माणसाला खरोखर वाईट वाटेल असं काहीतरी होतं.

या सगळ्याचं मूळ किल्लारीच्या भूकंपात होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्र्याण्णव साली सर तरुण होते, औसा तालुक्यातल्या एका गावात नव्यानेच मास्तर म्हणून लागले होते, आणि दगडमातीच्या भाड्याच्या घरात झोपले होते. पहाटे घर अंगावर आलं. सरांच्या मांड्यांवर तुळई आणि तुळईवर भिंत. गावकऱ्यांनी दुपारी काढलं. पुढचं ते हसत सांगायचे. "काढलं तवा मी एकदम ठणठणीत. हाड मोडलं न्हाई, रक्त न्हाई. एक कप चहा प्यालो. लोकं म्हणाले मास्तर नशीबवान. संध्याकाळी लघवीला गेलो तर काळ्या चहासारखी. मग तीबी बंद."

दबलेल्या स्नायूंतून जे विष सुटतं ते रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक असणार. त्यांना सोलापूरला नेलं, तिथं मशीनवर ठेवलं आणि काही आठवड्यांनी मूत्रपिंडं परत चालू झाली. "दगड मांडीवर पडला अन् बिघाड कंबरेत झाला," सर म्हणायचे. "माणसाचं काय कुठं जोडलंय बघ. मग हालचालीनं काय कुठं नीट होईल, हे सांगता येतंय का?" त्यांच्या व्यायामाच्या वेडामागचं सगळं शास्त्र त्यांच्या मते एवढंच होतं.

पंचवीसेक वर्षांनी तीच मूत्रपिंडं हळूहळू संपली. बीज तेव्हाच पडलं असावं, असं डॉक्टर म्हणत. नक्की कुणीच सांगत नव्हतं. सरांनी नोकरी सोडली आणि ते नांदेडला आले, कारण काकू, म्हणजे त्यांची बायको, नायगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर होत्या आणि घर नांदेडात होतं. मुलगी समता मात्र लातूरला, डॉक्टर होण्यासाठीच्या क्लासला. माझ्या आईचं डायलिसिसही नांदेडलाच चालायचं, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळची पाळी. मुखेडहून पहिल्या एस.टी.ने आम्ही यायचो. पहिल्या दिवशी आत पाय ठेवला तर कोपऱ्यातल्या पलंगावरून आवाज आला, "दारात उभी ऱ्हाऊ नको, हल."

आता एका जिन्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पेडलचं महत्त्व कळणार नाही.

समता लातूरला ज्या इमारतीत राहायची तिथं तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. लिफ्ट नाही. लातूरच्या त्या भागात अशा इमारती ओळीने आहेत. पोरी डॉक्टर व्हायला येतात, दिवसभर बसून अभ्यास करतात आणि व्यायाम म्हणून तेवढा जिना चढतात. जूनमध्ये सर तिला सोडायला गेले. ट्रंक स्वतः उचलायची म्हणाले. पहिल्या मजल्यापर्यंतही पोचले नाहीत. अर्ध्यात खाली बसले, मांड्या थरथरत होत्या. शेजारून पोरी जात होत्या, "काका, जरा," म्हणत होत्या. समताने ट्रंक एकटीने वर नेली आणि खाली येऊन म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही खालीच थांबा ना."

तिने प्रेमाने म्हटलं होतं. पण ज्या माणसाने शाळाभर टाचा वर करवल्या, त्याला त्याच्या लेकीने खाली थांबायला सांगितलं. सरांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, गंमत म्हणून. सांगताना छताकडे बघत होते. मग म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला सोडायला जायचंय. तिसऱ्या मजल्यावर चहा पिणार मी. अर्धा कप. माझ्या वाट्याच्या मोजक्या पाण्यात तो धरून."

घरात कुणी ऐकायला तयार नव्हतं. काकू शिक्षिका, बोलायला कडक. "शाळेत पोरांना पळवलं ते पळवलं," त्या म्हणायच्या, "आता निजा जरा गुमान. मशीनवरून आलं की तुमचा चेहरा पाटीसारखा होतो." सोसायटीतले लोक म्हणायचे आराम करा. पाहुणे म्हणायचे आराम करा. आपल्याकडे आजाऱ्याला एवढं एकच सांगता येतं, आणि ते सांगून माणूस मोकळा होतो. निजून निजून मांड्या वितळतात, मग संडासाला जायला दोन माणसं लागतात, तेव्हा तेच लोक म्हणतात, बघा, म्हटलं नव्हतं का, फार खचले.

डॉक्टर सय्यद मॅडम मात्र तसं म्हणाल्या नाहीत. मॅडम वयाने लहान, बोलणं सावकाश. सरांनी विचारलं, "मॅडम, मी हललो तर चालंल का?" तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. मला तेव्हाच ही बाई आवडली.

"सर, शरीरात सारख्या ठिणग्या उडत असतात," त्या म्हणाल्या. "श्वास घेतो, जेवण जाळतो, त्यातूनच उडतात. निरोगी माणसात त्या विझवणारं एक दल असतं. किडनी गेली की घाण साचते, ठिणग्या वाढतात. हे मशीनही थोड्या उडवतं. आणि दल थकलेलं असतं. मग रक्तवाहिन्या आतून होरपळतात, हृदयावर ताण येतो."

"अन् व्यायाम?"

"व्यायामाने पण ठिणग्या उडतातच."

"मग झालंच की," दारातून काकू म्हणाल्या.

"थांबा ना, काकू. थोड्या उडतात. रोज थोड्या थोड्या उडल्या की दलाला सराव होतो, ते तयार राहायला लागतं. बेताचा व्यायाम म्हणजे त्या दलाची कवायत. एकदम जास्त केला तर मात्र खरीच आग. संशोधन अजून चालू आहे, सगळीकडे निकाल सारखे नाहीत, आणि गेलेली किडनी याने परत येत नाही, हे आत्ताच सांगते. पण पायात ताकद येते. ते मी डोळ्यांनी बघितलंय."

सरांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. कवायत हा शब्द त्यांच्या कानात शिरला होता. शाळेने त्यांचा तास काढून घेतला होता आणि आता एक डॉक्टर सांगत होती की तुमच्या रक्तात पी.टी.चा तास लावता येतो. त्यांनी लगेच समताला फोन लावला. ती म्हणाली, "हो बाबा, आम्हाला आहे ते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन." सरांनी तीनही नावं तिच्याकडून घोकून घेतली. त्यांच्या तोंडी ती जरा वेगळी व्हायची, पण पुढे मशीनवर कुणी सुस्तावलं की ते हजेरी घेतल्यासारखे पुकारायचे, "कॅटालेज, हजर? ग्लुटाथायोन, कुठं हाय बे?" माझी आई, जी चौथीनंतर शाळेत गेली नव्हती, ती पलंगावरून उत्तर द्यायची, "हजर, सर."

समताने आणखी एक विचारलं होतं, ते महत्त्वाचं आहे. "मग बाबा, अँटिऑक्सिडंटवाली फळंच खा ना. डाळिंब, मोसंबी, आवळा." मॅडमनी फोन हातात घेतला. "बेटा, तुझ्यासाठी ठीक. बाबांसाठी नाही. ह्यातलं पोटॅशियम त्यांची किडनी बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साठलं तर हृदय बंद पडू शकतं. पावडरी, गोळ्या पण मला विचारल्याशिवाय नाही." पेपरात बरोबर असलेलं उत्तर पलंगावर चुकतं, हे तिला बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पेडल सरांनी सायकलच्या दुकानात बनवून घेतलं. लोखंडी चौकट, पलंगाच्या पायथ्याला पट्ट्याने बांधायची, एका लहान सायकलचे पायडल. मॅडमनी नियम घातले: डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांतच, कारण नंतर बीपी खाली येतं. आधी बीपी बघायचं. सुयांचा हात हलता कामा नये. बोलता येईल एवढंच चालवायचं. बोलताना दम लागला की बंद. मशीन बघणारा बालाजी ह्यावर लक्ष ठेवायचा.

पहिले काही दिवस सर एकटेच. मग आई म्हणाली, "मलाबी द्या बरं जरा." मग समोरच्या पलंगावरच्या रझिया खाला. खालांचं वय झालेलं, जीभ मात्र धारेची. "ये क्या सर, बुढ्ढी को सर्कस में डालते," असं म्हणत त्यांनी पाय घातले आणि पेडल काढून घेतलं की तक्रार करायला लागल्या, "अभी तो शुरू हुआ था." त्या वॉर्डात आधी टीव्ही चालायचा आणि माणसं भिंतीकडे तोंड करून पडायची. आता तिथं पाळी कुणाची यावरून भांडणं होत होती. सर पंच. आईला तर मी इतकं बोलताना मुखेडमध्येही ऐकलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता सर घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत न थांबता जायला लागले. काकू मागून चालायच्या, पडले तर धरायला म्हणून. आणि मग तो मंगळवार आला.

खालांचा जावई औरंगाबादहून आला होता. सासू आजारी, म्हणून येताना त्याने स्टँडवरून शहाळी आणली. मराठवाड्यात दुसरं काय नेतात? खालांना दवाखान्याने सांगितलं होतं, पाणी मोजून प्या. त्यांनी पाणी मोजलंच होतं. शहाळं त्यांच्या लेखी पाणी नव्हतं, औषध होतं. सकाळी निघताना जावयाचं मन राखायला दोन प्याल्या. मशीन सुरू झालं, त्यांची पेडलची पाळी आली, आणि पाय घातल्या घातल्या त्या म्हणाल्या, "सर, पैराँ मेरे नहीं लगरे." चेहरा पांढरा झाला, नाडी अडखळली. मॅडम धावत आल्या. इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं, मशीन चालू ठेवलं. दोन तासांनी खाला बालाजीला शिव्या देत होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. रिपोर्ट आला. पोटॅशियम वर गेलेलं.

मॅडमनी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, कारण तेच आहे. मॅनेजर म्हणाला, "पण मॅडम, पेडलवर असताना झालं ना." ह्या माणसाच्या आधीच्या दवाखान्यात नातेवाइकांनी काचा फोडल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं. त्याने जावयाला काही म्हटलं नाही. शहाळ्यांना काही म्हटलं नाही. दवाखान्याच्या दारातच शहाळ्यांची गाडी लागायची, तिला काही म्हटलं नाही. गुरुवारी येऊन पेडल उचललं.

दिवाळी तोंडावर होती.

मी शनिवारी पत्रक घेऊन गेले. मथळा होता: 'पाय जप्त करणारा दवाखाना'. खाली मॅनेजरचं ते वाक्य, त्याखाली मी काढलेली त्याची लक्तरं. गठ्ठा सरांच्या पलंगावर ठेवला. त्यांनी एक पान अख्खं वाचलं, ओठ हलवत.

"छान झालंय, पत्रकबाई. पण ह्यात मॅनेजर राक्षस हाय."

"आहेच."

"असंल. पण मला त्याच्याकडून पेडल पायजे. त्याचं मुंडकं घेऊन मी काय करू? पायडलासारखं फिरवता येतंय का ते?"

आई हसली. मला राग आला. मी म्हटलं, "सर, तुमच्यावर अन्याय झालाय. तुम्ही जिना चढणार होता."

"हाव. अजून चढणारच हाय." त्यांनी पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. "कागद बाकी मजबूत घेतलायस. बालाजी, मार्कर हाय का रे?"

आणि माझ्या पत्रकाच्या पाठीवर बालाजीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं गेलं: 'शहाळं आणणाऱ्याला तीन उठाबशा. हुकमावरून, पी.टी. मास्तर.' ते वॉर्डाच्या दारावर चिकटवलं. माझा मथळा दाराकडे तोंड करून गेला.

पुढचा आठवडा त्या वॉर्डात जो दंगा झाला तसा मी कुठल्याच मोर्चात पाहिला नाही. पेडल नसल्यामुळे सरांनी सगळ्यांना पलंगावरच कवायत दिली. पायाखाली उशी, ती दाबायची, सोडायची. गुडघा ताणायचा, धरायचा. बीपी बघून, पहिल्या दोन तासांतच, सगळे नियम तेच. सर म्हणायचे "एक", वॉर्ड म्हणायचा "दोन". मशीनने मध्येच भोंगा दिला तर सर म्हणायचे, "तुला कुणी विचारलं?" आणि दारात शहाळं दिसलं की खाला तिथूनच ओरडायच्या, "आया, आया, एक मुजरिम आया."

उठाबशा सगळ्यांनी काढल्या. माझ्या मामाने काढल्या. धोतर सावरत एका सरपंचाने काढल्या. एक नगरसेवक फोटोग्राफर घेऊन आले होते. त्यांनी फोटोग्राफरला बाहेर पाठवलं आणि काढल्या. जप्त केलेली शहाळी बालाजी खालच्या तापाच्या वॉर्डात पोचवायचा, तिथं ती चालत होती. उठाबशा काढून धापा टाकणाऱ्या पाहुण्याला सर शेजारी बसवून घ्यायचे आणि शहाळं का नको ते सांगायचे. कान धरलेल्या माणसाला एकदा सांगितलेलं कायम लक्षात राहतं, हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. खालांचा जावई तर परत आला आणि मोजलेल्यापेक्षा दोन जास्त काढून गेला. सासूच्या पायाशी बराच वेळ बसला होता.

त्यानंतरच्या मंगळवारी मॅनेजर आला. स्टाफच्या दाराने आला, म्हणून त्याने दारावरचा कागद पाहिला नाही. मॅडम त्याच्याशी पुन्हा बोलल्या असाव्यात. आवाज मऊ होता. "सर, तुमचा गैरसमज नको," असं म्हणत त्याने मागे धरलेला हात पुढे केला. हातात शहाळं होतं. वरून तासलेलं, नळीसकट.

बालाजी मशीनच्या मागे वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"साहेब," सर म्हणाले, "नियम हाय."

"कसला?"

खालांनी बोट दाखवलं. मॅनेजरने दाराबाहेर जाऊन कागद वाचला. परत आला तेव्हा कान लाल होते. मला वाटलं आता फाडणार, फाडलं की मला माझी बाजू सापडेल. तो शहाळं टेबलावर ठेवून उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि खाली बसला. पहिली निघाली. दुसरीला गुडघे वाजले. तिसरीला त्याने सरांच्या पलंगाची कड धरली.

"साब, हमारे सर तो सुई लगा के भी तुमसे ज्यादा करते," खाला म्हणाल्या.

सर हसले नाहीत. "दिवसभर कुठं बसता, साहेब?"

"खुर्चीत. अजून कुठं?"

"बीपी हाय?"

मॅनेजर पँटचे गुडघे झटकू लागला. मॅडम कधी आत आल्या कळलं नाही, त्या म्हणाल्या, "आहे. गोळी विसरतात."

"इथल्या निम्म्या लोकांना आधी बीपीच होतं," सर म्हणाले. "खुर्चीतून ह्या पलंगावर यायला लांब पडत न्हाई. मला पेडल द्या, साहेब. अन् सुट्टी झाली की तुम्हीबी चालवत जा. वॉर्डाची पाळी संपल्यावर."

गुरुवारी आम्ही आलो तेव्हा पेडल पलंगाला बांधलेलं होतं. पट्टा नवा होता. मॅडमच्या सहीशिवाय वापरू नये अशी चिठ्ठी वर होती, आणि सर म्हणाले ते बरोबरच आहे. माझी पत्रकं उरली. मला ती वाटायची होती, खोटं कशाला सांगू. पण पाठकोरी असल्यामुळे ती दारावर लावायला फार वर्षं कामाला आली.

दिवाळीनंतर मी लातूरला गेले, पोरींच्या वसतिगृहांसाठी मैदान मागायला. नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्याच इमारतीच्या दाराशी उभी होते. रिक्षातून सर, काकू आणि समता उतरले. ट्रंक ह्या वेळी समताने उचलली. सरांनी हट्ट केला नाही. कठड्याला उजवा हात लावला आणि चढायला लागले. मी खालीच थांबले. काकू एक पायरी मागे, दोन्ही हात अर्धवट पुढे केलेले. पहिल्या मजल्याच्या अलीकडे अर्ध्यातली ती पायरी आली तेव्हा सरांनी तिच्याकडे बघितलं, इथंच ते बसले होते, आणि बुटाने तिला हलकेच टोचून पुढे गेले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. कुठलंसं गाणं गुणगुणून बघितलं, दम पुरतो का ते बघायला. पुरत होता. काकूंचे हात खाली आले.

मग वरून आवाज आला. "खोलीतून बाहेर या. सगळ्या. टाचा वर."

मी मान वर करून बघितलं. जिन्याच्या पोकळीतून तिसऱ्या मजल्याचा कठडा दिसत होता. पोरी बोळकांडीत ओळीने उभ्या, कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या केसात कंगवा तसाच, चवड्यांवर डुलत. समता ओळीत शेवटी, ट्रंकेवर हात ठेवून, हसत आणि डोळे पुसत. आणि कठड्याच्या गजांमधून दोन पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांच्याही टाचा वर.

त्यानंतर सर आम्हाला बरीच वर्षं लाभले. गेले ते हृदयाने. पेडलने त्यांना अमर केलं असं मी कुठल्याही पत्रकात लिहिणार नाही. ते वाचून त्यांनी मलाच उठाबशा काढायला लावल्या असत्या. शेवटपर्यंत ते संडासाला आपल्या पायांनी गेले आणि वर्षातून दोनदा तो जिना चढले. आई अजून पेडल चालवते. हजेरी आता खाला घेतात.

तर आता तुम्ही. तुमच्या ओळखीत, गल्लीत, घरात कुणीतरी डायलिसिसवर आहे आणि त्याला भेटायला जायचं तुमच्या मनात आहे. स्टँडवरच्या गाडीपाशी थांबू नका. रिकाम्या हातांनी जा. आराम करा हे शब्द तोंडातून काढू नका. त्याच्या डॉक्टरांना विचारा, ह्यांनी किती चालायचं. डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या ज्या हाताला सुया टोचत नाहीत तो हात धरा आणि म्हणा, चला, दारापर्यंत जाऊन येऊ. आणि हे वाचताना बसला असाल तर आधी उभे राहा. टाचा वर.